पाहिजे : एक निःपक्षपाती परीक्षक

‘पाहिजे’ ह्या मथळ्याखाली येणाऱ्या जाहिराती वाचक सहसा नोकरीच्या, भाड्याच्या खोलीच्या किंवा जुन्या सायकलीच्या गरजेपोटी वाचतो. परंतु गेल्या तीन दशकांत जगाच्या बाजारात एक निराळीच जाहिरात रुळली आहे. एखाद्या धनिक राष्ट्राच्या सरकारने अथवा धर्मादाय निधीने परक्या देशातील स्वतंत्र वृत्तपत्रांना, नभोवाणी केंद्रांना वा वृत्तसंकेतस्थळांना तीन-चार वर्षे पैसा पुरविलेला असतो. मुदत संपत आलेली असते. आणि तो पैसा सत्कारणी लागला की नाही हे सांगणारा एक सल्लागार आता पाहिजे असतो. अर्जासोबत आपली शैक्षणिक व व्यावसायिक माहिती, पूर्वी लिहिलेल्या एक-दोन अहवालांचे नमुने, कामाची नियोजित पद्धत आणि दिवसागणिक मानधनाचा आकडा पाठवावा, असे तीत म्हटलेले असते. काम बहुधा महिना-दीड महिन्याचे. त्यात कागदपत्रांचे वाचन, काही मुलाखती, जमल्यास आठवडाभराची प्रत्यक्ष भेट आणि अखेरीस तीस-चाळीस पानांचा अहवाल.

जाहिरात साधी दिसते. ती वाचून पुढचे पान उलटण्याचा मोह होतो. आम्ही मात्र ती काही काळ हातात धरून ठेवू इच्छितो. कारण स्वतंत्र वृत्तपत्राचे स्वातंत्र्य मोजावयाचे कोणी, कोणत्या मापाने आणि कोणाच्या पैशाने, हा वृत्तपत्रसृष्टीचा जुना पेच तीत दडलेला आहे; आणि २०२५ साली तो पेच फार मोठी किंमत वसूल करून उघड्यावर आला.

त्या वर्षीच्या २० जानेवारीस अमेरिकेच्या अध्यक्षपदाची सूत्रे दुसऱ्यांदा हाती घेतल्या दिवशीच डोनाल्ड ट्रम्प ह्यांनी परदेशांस जाणारे विकाससाहाय्य नव्वद दिवसांपुरते रोखण्याचा आदेश काढला. त्या साहाय्याच्या प्रचंड राशीत ‘स्वतंत्र वृत्तमाध्यमे व माहितीचा मुक्त प्रवाह’ ह्या शीर्षकाखाली सुमारे २६ कोटी ८० लक्ष डॉलर त्या वर्षासाठी धरलेले होते. पत्रकारांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ह्या संस्थेने अमेरिकी साहाय्यखात्याच्याच माहितीपत्रकाचा आधार घेऊन सांगितले, की २०२३ साली ह्या खात्याने ६,२०० पत्रकारांना प्रशिक्षण व साहाय्य दिले होते, आणि ७०७ बिगरसरकारी वृत्तसंस्थांना व ह्या क्षेत्रातील २७९ संघटनांना हातभार लावला होता. युद्धाने पोळलेल्या युक्रेनमध्ये तर दहापैकी नऊ वृत्तसंस्था अनुदानावर अवलंबून आहेत आणि त्यांचा प्रमुख दाता यूएसएड हाच आहे, असे ह्याच संस्थेने नमूद केले. नव्वद दिवसांची ती स्थगिती पुढे उठली नाही, असेच म्हटले पाहिजे. १ जुलै २०२५ रोजी यूएसएड हे खातेच बंद झाले व त्याचे उरलेसुरले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. दरम्यान ठिकठिकाणच्या वृत्तसंस्थांनी माणसे कमी केली, वार्तापत्रे थांबविली, काहींनी दारे लावून घेतली.

आता प्रश्न असा, की ह्या सर्व प्रकल्पांचे मूल्यमापन होत नव्हते काय? होत होते, आणि भरपूर होत होते. अमेरिकी साहाय्यखात्याच्याच आधाराने ‘आयरेक्स’ ही संस्था ह्या शतकाच्या आरंभापासून देशोदेशींच्या वृत्तमाध्यमांना शून्य ते चार असे गुण देत असे. ‘मीडिया सस्टेनेबिलिटी इंडेक्स’ हे त्या गुणपत्रिकेचे नाव. म्हणजे माध्यमे स्वतःच्या पायांवर टिकतील की नाही, हेच तीत पाहावयाचे. पाच विषयांपैकी एक विषय व्यवसायाच्या व्यवस्थापनाचा होता. उत्पन्नाचे मार्ग वाढवावेत, एकाच दात्यावर भार टाकू नये, ही शिफारस तर असल्या अहवालांचे भरतवाक्यच म्हणावी लागेल. तेव्हा धोका कोणाला दिसला नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

धोका दिसला होता, परंतु त्याचे खापर नेहमी एकाच डोक्यावर फुटत होते. उत्पन्न वाढवा हा उपदेश वृत्तपत्राला. हिशेब नीट ठेवा हा वृत्तपत्राला. वाचक मोजा हाही वृत्तपत्राला. दात्याचे वर्तन कसे होते, त्याने दिलेला शब्द किती वर्षे टिकेल, पैसा काढून घेण्यापूर्वी तो किती मुदतीची सूचना देईल, त्याच्या देशात सत्तापालट झाल्यास काय होईल, हे प्रश्न परीक्षकाच्या कार्यकक्षेत सहसा येतच नाहीत. कारण ती कार्यकक्षा दाताच लिहितो. परीक्षार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढावी आणि तीत आपल्यावरील प्रश्न तेवढे वगळावे, असा हा प्रकार आहे. २०२५ साली जे कोसळले ते प्रामुख्याने ह्या वगळलेल्या भागातच कोसळले. युक्रेनमधील एखाद्या जिल्हापत्राचा संपादक आळशी होता म्हणून त्याचे अनुदान गेले नाही. वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली म्हणून ते गेले.

मूल्यमापनाच्या कसोट्यांचा ग्रंथ ह्याबाबत काय सांगतो, तेही पाहू. धनिक राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या साहाय्य समितीने १९९१ साली पाच कसोट्या घालून दिल्या : औचित्य, कार्यक्षमता, उद्दिष्टपूर्ती, परिणाम आणि टिकाऊपणा. २०१९ साली सुसंगती ही सहावी त्यांत मिळविली गेली. जाहिरात कोणत्याही देशातून निघो, तिच्यात ही षट्सूत्री असतेच. कसोट्या वाईट नाहीत. परंतु त्या लावण्याची वेळ पाहिली म्हणजे हसू येते. प्रकल्पाच्या शेवटच्या तिमाहीत, अखेरचा हप्ता अजून खात्यात असताना, कार्यालयाचे भाडे व वार्ताहरांचे पगार त्याच हप्त्यातून निघत असताना, परीक्षकाने विचारावयाचे की हे वृत्तपत्र टिकाऊ आहे काय? औषधाची मात्रा चालू असतानाच रोगी बरा झाला असे लिहून देणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू? आणि मात्रा बंद झाल्यानंतरच्या वर्षी तो रोगी कसा आहे, हे पाहावयास कोणी जात नाही. कारण त्या वर्षासाठी पैशाची तरतूद नसते. वरातीमागून घोडे धाडण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. येथे वरात मांडवात पोहोचण्यापूर्वीच घोड्यांची मोजदाद उरकून घेतात.

मग परीक्षकाच्या हाती उरते काय, तर जे चटकन मोजता येते ते. किती वार्ताहरांना शिकविले, किती शिबिरे भरली, संकेतस्थळाला किती जणांनी भेट दिली. आम्ही वर दिलेले ६,२०० व ७०७ हे आकडे पुन्हा पाहावेत. त्यांवरून साहाय्याचा व्याप कळतो, परंतु त्या ६,२०० जणांपैकी एकानेही नगरपालिकेच्या कंत्राटातील चोरी उघडकीस आणली की नाही, हे त्यांवरून कळत नाही. शिवाय वृत्तपत्राचे मोठेपण पुष्कळदा न घडलेल्या गोष्टींत असते. उद्या छापून येईल ह्या भीतीने अधिकाऱ्याने न घेतलेली लाच कोणत्या रकान्यात मांडावयाची?

टिकाऊपणा खरोखर कसा दिसतो, ह्याचे एक उदाहरण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाकडे आहे. नामिबिया हा देश दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीच्या टाचेखाली होता, त्या काळी १९८५ च्या ऑगस्टमध्ये ग्वेन लिस्टर ह्या संपादिकेने विंडहूक येथे ‘द नामिबियन’ हे पत्र सुरू केले. राजवटीच्या मर्जीतील व्यापारी जाहिराती देईनात. पत्र चालले ते मुख्यतः युरोपातून आलेल्या मदतीवर. १९८८ साली त्याचे कार्यालय जाळण्यात आले आणि त्याच वर्षी संपादिकेला अटकही झाली. समजा, त्या वर्षी एखादा परीक्षक षट्सूत्री घेऊन विंडहूकला उतरला असता. त्याने काय लिहिले असते? जाहिरातींचे उत्पन्न नगण्य, इमारत भस्मसात, संपादक वारंवार अटकेच्या छायेत, परकीय मदतीवाचून एक महिनाही चालणे अशक्य; सबब पुढील हप्ता देण्यापूर्वी फेरविचार व्हावा. कसोट्यांप्रमाणे त्याचा एकही शब्द चुकीचा ठरला नसता!

परंतु मदत देणारे मागे हटले नाहीत. १९९० च्या मार्चमध्ये देश स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी त्याच विंडहूकमध्ये आफ्रिकेतील पत्रकारांनी ३ मे रोजी स्वतंत्र व बहुविध वृत्तपत्रांचा जाहीरनामा केला, आणि तो दिवस आज जगभर वृत्तपत्रस्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जातो. पत्राची खरी परीक्षा मात्र त्यानंतर दहा वर्षांनी झाली. ज्या स्वातंत्र्यचळवळीची बाजू त्याने उचलून धरली होती, तिचेच सरकार त्याच्या टीकेने संतापले. २००० साल संपता संपता मंत्रिमंडळाने त्याला सरकारी जाहिराती देण्यास बंदी केली. सरकारी पैशाने त्याचा एक अंकही विकत घेऊ नये, असाही हुकूम पाठोपाठ निघाला. ही बंदी तब्बल २०११ पर्यंत टिकली, आणि पत्रही टिकले. कारण एव्हाना त्याला अंक विकत घेणारे वाचक मिळाले होते आणि वाचकांच्या मागोमाग खाजगी जाहिरातदार आले होते. परदेशी मदतीचे मूल्यमापन करावयाचेच असेल, तर ते १९८८ साली नव्हे, २००१ साली करावयास हवे होते.

उलट दिशेचा दाखलाही आहे. बेलग्रेडचे ‘बी-९२’ हे १९८९ साली निघालेले नभोवाणी केंद्र मिलोशेविच राजवटीच्या डोळ्यांत सलत असे. १९९६ च्या डिसेंबरात सरकारने ते बंद पाडले, तेव्हा लोकांच्या रेट्याने दोन दिवसांत ते पुन्हा बोलू लागले. परदेशी दात्यांचे ते लाडके होते. २००० साली राजवट कोसळली तेव्हा कोणत्याही परीक्षकाने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. पुढे मालकी बदलत गेली, मनोरंजनाचा पसारा वाढला, आणि ज्या आवाजासाठी नागरिक रस्त्यावर आले होते तो क्षीण होत गेला. व्यवसाय टिकला, वृत्तपत्रधर्म टिकला नाही.

निर्वासित पत्रांची गोष्ट तर आणखी वेगळी. ब्रह्मदेशातून परागंदा झालेल्या तरुणांनी १९९८ साली ‘मिझिमा’ ही वृत्तसंस्था काढली ती आपल्या दिल्लीत. पुढे मायदेशी थोडा उजेड पडला तेव्हा ती तिकडे गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि पुढच्याच महिन्यात तिचा परवाना रद्द केला. तिचे वाचक मायदेशात, वार्ताहर भूमिगत, कार्यालय परमुलखात. वर्गणी भरणारा पकडला जाणार, जाहिरात देणारा तुरुंगात जाणार. अशा संस्थेला ‘तुम्ही स्वयंपूर्ण केव्हा होणार?’ असे विचारणे म्हणजे पुरात घर वाहून गेलेल्याकडे घरपट्टीची पावती मागणे होय. २०२५ च्या अमेरिकी आदेशाचा फटका ब्रह्मी निर्वासित पत्रांना बसला. युक्रेनच्या राजधानीतील ‘कीव्ह इंडिपेंडंट’सारखे इंग्रजी पत्र जगभरच्या वाचक-सदस्यांच्या वर्गणीवर बऱ्याच अंशी उभे राहू शकले, हे कौतुकास्पद आहे, परंतु त्याचे उदाहरण खेरसोनच्या किंवा मंडालेच्या वार्ताहराच्या तोंडावर फेकणे बरे नव्हे. त्याला जगभरचा वाचक नाही. त्याचे वाचक त्याच्याच गल्लीत आहेत, आणि तेही त्याच्याइतकेच नाडलेले आहेत.

हा सारा परमुलखाचा पसारा झाला, आपल्याला त्याचे काय, असे वाचकांना वाटेल. एका अर्थी ते खरे. आपल्याकडे परदेशी देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्यानुसार वृत्तपत्राचा संपादक, वार्ताहर, स्तंभलेखक, मालक, तसेच वृत्तप्रसारण करणाऱ्या संस्था ह्यांपैकी कोणालाही परकी देणगी घेता येत नाही. १९७६ च्या कायद्याचेही धोरण तेच होते. ह्या बंदीमागील भीती आम्ही अगदीच निराधार मानीत नाही. परंतु त्यामुळे पेच सुटत नाही, फक्त दाता देशी होतो. बंगळूरमध्ये २०१५ साली भारतीय उद्योगपतींच्या व दानशूरांच्या देणग्यांतून एक माध्यमनिधी स्थापन झाला आणि अनेक लहान वृत्तसंस्थांना त्याने आधार दिला. २०२२ च्या सप्टेंबरात त्याच्या कार्यालयातही प्राप्तिकर खात्याची पाहणी झाली. देशी दात्यावरही दडपण येऊ शकते, आणि दात्यावर आले की ते घेणाऱ्यावर येतेच.

मराठी वृत्तपत्रसृष्टीला तर अनुदानाचा प्रश्न नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. १९२३ साली ते पाक्षिक बंद पडले. आजचा परीक्षक टिकाऊपणाच्या रकान्यात येथे शून्य मांडील आणि पुढील पान उलटील. परंतु १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले, १९३० साली ‘जनता’, १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’. पत्र बुडाले तरी त्याने घडविलेला वाचक बुडाला नाही; पुढच्या पत्राची वाट पाहणारा समाज त्या तीन वर्षांत तयार होऊ लागला होता. त्या अडीच हजारांचा हिशेब १९२३ साली मांडणाऱ्याला ह्यातले काय दिसले असते? आणि शाहू महाराजांनी दर तिमाहीस लाभार्थींची संख्या कळवावी, अशी अट घातली असती तर? (असल्या अटी त्या काळी सुदैवाने निघालेल्या नव्हत्या.)

आता ज्यांच्यासाठी ती जाहिरात आहे, त्या अर्जदारांविषयी. ह्या कामासाठी अर्ज करणारे बहुधा आमच्याच व्यवसायातून गेलेले असतात : निवृत्त वार्ताहर, पत्रकारितेचे अध्यापक, स्वयंसेवी संस्थांतील अनुभवी मंडळी. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय वृत्तपत्राला लागू पडतो तसाच वृत्तपत्राच्या परीक्षकालाही लागू पडतो. त्याचे पुढले काम ह्याच दात्याकडून किंवा त्याच्या भाऊबंदांकडून यावयाचे असते. अहवालाचा मसुदा आधी दात्याकडे जातो; ‘भाषा थोडी सौम्य करता आली तर पाहावे’ अशी विनंती येते; आणि सौम्य करता करता अहवालाचा दात पडतो. म्हणून अर्जातील मानधनाचा आकडा ठरविण्यापूर्वी अर्जदाराने काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात, असे आम्ही सुचवितो. अहवाल जसाच्या तसा प्रसिद्ध होईल काय? न पटलेल्या भागावर दात्याने आपले उत्तर शेवटी जोडावे, मूळ मजकुराला हात लावू नये. दात्याचे स्वतःचे वर्तन तपासण्याची मुभा आहे काय? हप्ते वेळेवर आले का, मजकुराविषयी त्याने कधी दूरध्वनी केला का, निघून जाण्याची त्याची योजना काय, हे विचारता येईल काय? आणि मुलाखत देणाऱ्या वार्ताहरांची नावे कोणाकडे राहणार? दडपशाहीच्या देशात ती यादी पोलिसांच्या हाती पडली तर तिचे परिणाम परतीचे विमान पकडणाऱ्या परीक्षकाला नव्हे, मागे राहिलेल्यांना भोगावे लागतात.

सर्वांत मोठी उणीव आहे ती वाचकाची. संपादक, व्यवस्थापक, दात्याचा प्रतिनिधी, राजदूतावासातील अधिकारी ह्यांच्या मुलाखती होतात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो चहाच्या दुकानात अंक वाचणारा मनुष्य कोणी गाठीत नाही. त्याला गाठावयाचे तर त्याची भाषा यावी लागते आणि एका आठवड्यापेक्षा अधिक मुक्काम करावा लागतो. म्हणून त्या देशातील, त्या भाषेतील माणूस ह्या कामात दुभाषा म्हणून नव्हे तर बरोबरीचा परीक्षक म्हणून हवा. असे सांगणारे आम्ही पहिले नव्हे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या त्याच साहाय्य समितीने २०२४ च्या मार्चमध्ये वृत्तमाध्यमांना मदत करण्याविषयी सहा तत्त्वे मान्य केली. त्यांत स्थानिक नेतृत्व बळकट करावे हे एक आहे, आणि आपल्या मदतीने अपाय होऊ देऊ नये हे दुसरे. अमेरिका तेव्हा त्या समितीची सदस्य होती. दहा महिन्यांनी जे झाले ते अपायात मोडते की नाही, हे एखाद्या परीक्षकाने अधिकृतपणे लिहून ठेवण्यासारखे आहे.

यूएसएड गेल्याने पडलेली पोकळी थोडी तरी भरून काढण्याची धडपड युरोपातील काही सरकारे व खाजगी निधी करीत आहेत. म्हणजे नवे प्रकल्प निघतील आणि तीन वर्षांनी पुन्हा त्याच जाहिराती झळकतील. तत्पूर्वी, करार होतानाच, दात्याने एक रक्कम बाजूला काढून त्रयस्थ विश्वस्ताकडे ठेवावी, अशी आमची सूचना आहे. प्रकल्प संपल्यानंतर तिसऱ्या वर्षी दुसरे मूल्यमापन तीतून व्हावे. परीक्षकाची निवड दात्याने न करता त्या देशातील पत्रकारांच्या संघटनेने व एखाद्या विद्यापीठाने मिळून करावी. आणि अहवाल प्रथम त्याच वृत्तपत्रात, त्याच्या वाचकांच्या भाषेत छापला जावा. तोपर्यंत ते वृत्तपत्र बंद पडलेले असल्यास तो अहवाल त्याच्या प्रतिस्पर्ध्याने छापावा, त्यालाही आमची हरकत नाही.